ताडपत्रीखालची प्रेसिडेंट

अहो वहिनी, त्या ताडपत्रीकडे बघून बिचकू नका. काल तुमचे हे भिंतीवरून वाकून वाकून बघत होते, तेव्हाच म्हटलं, या नव्या मंडळींना कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. तिच्याखाली शेजारच्या काकांची गाडी आहे. प्रीमियर प्रेसिडेंट, १९७३ची. आणि एक आधीच सांगून ठेवते, काकांसमोर तिला पद्मिनी म्हणू नका. दिसायला हुबेहूब पद्मिनीच आहे, पण तसं म्हटलंत की ते चहाचा कप भिंतीवर ठेवतात आणि मग तुमचा कुकर आत कितीही शिट्ट्या मारो, सुटका नाही.

मीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. आपले वालचंद हिराचंद, सोलापूरचे. त्या माणसाला एका धंद्यात चैन पडत नसे. जहाजं झाली, साखर कारखाना झाला, बंगळूरला विमानाचा कारखाना झाला, आणि १९४४मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कारखाना कुर्ल्याला. फियाट ११०० तिथेच बनायची. १९६४मध्ये तिचं डिलाइट मॉडेल आलं, १९७२मध्ये त्याच गाडीचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. पत्रा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तोच. बारसं मात्र तीनदा. काका म्हणतात, “अध्यक्षाला दोन वर्षांत घरी बसवला नि राणी गादीवर आणली.” त्यामुळे प्रेसिडेंट नावाच्या गाड्या मुळातच थोड्या. डिकीवरची ती अक्षरं काकांनी चोरीच्या भीतीने काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहेत. गाडी बाहेर आणि नाव घरात, असा प्रकार आहे.

गाडी मुळात त्यांची नव्हेच. बोरिवलीच्या एका डॉक्टरांची. काका तेव्हा मुंबईत काळी-पिवळी चालवायचे आणि रविवारी डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून जायचे. डॉक्टर गेले, मुलं परदेशी, गाडी भंगारात निघाली. भंगारवाला देत होता त्याच्यावर थोडे घालून काकांनी ती उचलली आणि एका मित्राच्या गॅरेजात लपवून ठेवली. काकूंना सांगायचा धीर झाला नाही म्हणे. काकूंना विचारलंत तर त्या हसतात. “टॅक्सी सीएनजीवर, आणि ह्यांच्या शर्टाला वास पेट्रोलचा. मला काय कळत नाही?”

टॅक्सीचं म्हणाल तर ती केव्हाच गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची हद्द आहे ना. पद्मिनीतली शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली, म्हणजे २०२३चा ऑक्टोबर सरला तेव्हा सगळाच खेळ आटोपला. त्याच्या आदल्याच महिन्यात बेस्टची जुनी डबलडेकर गेली होती. पेपरांत काय ते फोटो, काय ते लेख! काका पेपर घडी करून म्हणाले, “चालू होती तेव्हा गिऱ्हाईक दार आपटून जायचं. आता हळहळतंय.” त्यांची स्वतःची टॅक्सी त्याच्या कितीतरी आधी तोडायला गेली. तिच्यातलं एकच त्यांनी ठेवलं, जुना मीटर. तो काळा लोखंडी, पुढच्या काचेबाहेर डाव्या बाजूला असायचा तो. हाताने झेंडा पाडायचा की टिंग वाजायचं, आत आकडे सरकायचे, आणि गंमत म्हणजे मीटर दाखवणार एक रुपया अन् खरं भाडं ड्रायव्हरकडच्या कार्डावर. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावता समजावता गिरगाव यायचं. आता तो मीटर त्यांच्या टीव्हीशेजारी आहे. नातू मोबाइल मागायला आला की काका आधी झेंडा पाडतात.

चहा ठेवून आलात का गॅसवर? मग बंद करून या. पुढचं लांब आहे.

तर झालं काय, गेल्या मे महिन्यात गल्लीतल्या एकाने तक्रार केली. कोण ते विचारू नका, तुम्हाला आठवड्याभरात कळेलच. म्हणे ताडपत्रीखाली पाणी साचतं, डास होतात, भंगार उचला. आठ-दहा जणं जमली. काका काही बोलले नाहीत. आत गेले, एक ओलं फडकं घेऊन आले. मला वाटलं गाडी पुसतायत. पण त्यांनी बॉनेट उघडलं आणि ते फडकं इंजिनाच्या बाजूला पेट्रोलच्या पंपावर घातलं, तापलेल्या पोराच्या कपाळावर घालावं तसं. कडक उन्हात पंपातलं पेट्रोल पंपातच वाफ होऊन बसतं, पुढे सरकत नाही, मग गाडी कितीही सेल्फ मारा, खोकते नि गप्प होते. दादर-परळच्या सिग्नलला मे महिन्यात काळ्या-पिवळ्यांची बॉनेटं उघडी का असायची, ते मला त्या दिवशी कळलं. मग पंपाची छोटी कळ बोटाने दहा-बारा वेळा दाबली. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून पॉइंट घासले आणि त्यांच्यामधली फट नीट आहे का, ते कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा घालून बघितलं. जाड पत्रिकेचा, हं. पातळ चालत नाही. आत बसले, चोक ओढला. पहिल्यांदा नुसती घुरघुर. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा ती अशी सुरू झाली की समोरच्या पिंपळावरचे कावळे उठले. काका खिडकीतून डोकं काढून एवढंच म्हणाले, “भंगार सुरू होतं का हो?”

तक्रार करणारा त्याच संध्याकाळी मुलीला घेऊन फोटो काढायला आला. आपल्याकडे असंच.

पण ताडपत्रीखाली पाणी साचत होतं, हे मात्र खरं होतं. मी स्वतः बघितलंय. पापडखिंडीकडून पावसाची सर आली की आपल्याकडे ती तिरकी येते, छपराला दाद देत नाही. काकांनी मग खाली विटा लावून गाडी उचलून घेतली. बाजू घ्यायची म्हणून डोळे झाकायचे नसतात.

आता त्यांचं नवं दुखणं पेट्रोलचं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं ना, ते जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही. नळ्या, पंपातला पडदा, कार्बोरेटरमधल्या रिंगा, सगळं पन्नास वर्षांपूर्वीच्या हिशोबाचं. रबर फुगतं किंवा चिरतं. आणि इथेनॉल येतं कुठून? काही उसातून. काकांना मी म्हटलं, वालचंदशेठनी साखर कारखानाही काढला आणि मोटारही काढली, तेव्हा हे एकाच घरातलं भाऊबंदकीचं भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका. त्यांना ते पटलं नाही. ते दर दोन महिन्यांनी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जातात, जुन्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत नळ्या शोधायला. जिथे गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे अवयव मिळतात. विरारहून जायचं म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडा, तिथून कुर्ला, मग शेअर रिक्षा. एक बोटभर नळीसाठी अख्खा दिवस. काकू डबा देतात. वर म्हणतात, “जाऊ द्या, घरात बसून टीव्हीला शिव्या घालण्यापेक्षा बरं.”

पोरं भाड्याने मागतात हो गाडी. लग्नाआधीचे फोटो काढायचं फॅड आहे ना, त्यासाठी. एक जोडपं अर्नाळ्याला किनाऱ्यावर न्यायची म्हणून आलं होतं, पैसे चांगले देत होतं. काकूंनी भाव ठरवत आणला होता. काकांनी “समुद्र” एवढा एक शब्द ऐकला नि नाही म्हणाले. खारा वारा लागला की मडगार्डच्या आतून गंज धरतो, वरून काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा बोट आरपार जातं. शेवटी इथेच जीवदानीच्या पायथ्याशी फोटो काढायचं ठरलं, तर मुलीला डोंगर नको, समुद्रच हवा. मोडलं. लग्न नव्हे, सौदा.

तुम्ही म्हणाल, हिला एवढं कसं माहीत? अहो, माझंही एक लोढणं आहे ना घरात. माझ्या सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर. एचएमव्हीचा फिएस्टा, पेटीसारखा, झाकण उघडलं की स्पीकर. सत्तरीच्या दशकात ज्याच्या घरी फिएस्टा, त्याच्या घरी रविवारी पाहुणे. सासरे प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरवर आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि किंमत लिहायचे. किंमत सासूबाईंना दिसू नये म्हणून आतल्या बाजूला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, हे ते विसरायचे.

तर तो फिएस्टा मध्येच रडायला लागला. लताबाईंचा आवाज सुरू व्हायचा नि हळूहळू भीमसेनजींचा व्हायचा. दुकानदार म्हणाला फेकून द्या, आता ब्लूटूथवाला घ्या, जुन्यासारखाच दिसतो. जुन्यासारखा दिसतो! काकांनी इथे भिंतीवर वर्तमानपत्र पसरून तो उघडला. तबकडी फिरवणारं आतलं रबरी चाक कडक होऊन चकचकीत झालं होतं, म्हणून घसरत होतं. त्यांनी बारीक पॉलिशपेपरने त्याची कड हलक्या हाताने खरवडली, आसाला तेलाचा एक थेंब, एकच, दुसरा पडू दिला नाही. लागला गायला. मजुरी काय, तर रोज संध्याकाळी एक बाजू वाजवायची, आणि खिडकी उघडी ठेवून. तेव्हापासून मी वाजवते आणि ते तिकडे गाडीजवळ खुर्ची टाकून ऐकतात. फर्माईश ओरडून सांगतात. सगळ्या गल्लीला माणिकताईंची गाणी पाठ झाली आहेत, तुम्हालाही होतील.

सासऱ्यांच्या वडिलांच्या जुन्या ७८च्या तबकड्याही आहेत. त्या मी वाजवत नाही. लाखेच्या असतात त्या, हातातून सुटल्या की काचेसारख्या फुटतात. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा माणूस, ज्याला एक राग मांडायला रात्र पुरायची नाही, त्याला तीन मिनिटांत आटपायला लावलं त्या यंत्राने. आणि आटपलं हो त्यांनी! पिढ्यान्‌पिढ्या लोक तीच तीन मिनिटं ऐकत राहिले. तुम्हाला गंमत सांगते. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. लोकांना वाटतं नखरा. नखरा कसला, तबकड्या बनायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला हे गाणं कुणाचं हे कळायचं कसं? म्हणून नाव गाण्यातच. काकांनी हे ऐकलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. आम्हीपण इंजिन खोलायला दिलं की पार्टवर खडूनं नंबर टाकायचो.”

आपल्याकडे जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ तिशीच्या दशकात रेकॉर्डवर गायली आणि घराघरांत भावगीत शिरलं. तोवर रेकॉर्ड म्हणजे नाटकातली पदं, नाहीतर बैठकीचं गाणं. कवितासुद्धा विकत घेऊन घरी आणता येते, हे लोकांना तेव्हा कळलं. ती रेकॉर्ड आमच्याकडे नाही. असल्याची दंतकथा आहे. सासऱ्यांच्या मते ती एका आतेभावाने नेली आणि परत दिली नाही. त्या आतेभावाच्या घरच्यांच्या मते आमच्याकडेच आहे. दोन घरांत तीन पिढ्या अबोला आहे, रेकॉर्ड मात्र कुणीच ऐकलेली नाही.

आणि रेडिओ! केसकरांचं माहीत आहे का तुम्हाला? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी, १९५२पासून दहा वर्षं दिल्लीत नभोवाणीमंत्री. सिनेमाची गाणी म्हणजे थिल्लरपणा, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच केली. पेटीला तर तिथे आधीपासूनच बंदी होती, म्हणजे मंत्री गाण्यावर रुसलेले आणि नभोवाणी पेटीवर. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच १९५२ सालची. पाच वर्षांनी सरकार शहाणं झालं, ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली. माझे सासरे केसकरांना सोडायचे नाहीत, पण एक कबूल करायचे: त्याच केसकरांच्या राज्यात १९५५च्या रामनवमीपासून पुण्याच्या केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, गदिमा आणि बाबूजींचं. ५६ गाणी, वर्षभर. लोक रेडिओला हार घालायचे म्हणे. माझं विचाराल तर केसकर पुरते चुकले असंही म्हणवत नाही. अडवलं म्हणून तर सिलोनची चटक लागली.

काकूंचं वेगळंच. त्यांना ना गाडी, ना रेकॉर्ड. त्यांची एक पत्र्याची ट्रंक आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला उघडतात, आणि ह्या वर्षी मला बोलावलं होतं. ट्रंकेत पिशवी, पिशवीत डबा, डब्यात फडकं, फडक्यात पुन्हा डबी. शेवटी निघालं काय, तर त्यांच्या वडिलांचा गिरणीचा पितळी बिल्ला आणि टाळांची एक जोडी. वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा काकू शाळेत. तो संप अजून कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही म्हणतात, म्हणजे कागदोपत्री काकूंचे वडील अजून संपावरच आहेत. परळची खोली गेली, विरारला आले, कुठेतरी वॉचमन लागले. रोज पहाटेची लोकल. त्या लोकलमध्ये भजनी मंडळ होतं. अजूनही आहेत काही डब्यांत, तुम्ही ऐकलं असेल. काहींना त्रास होतो, तक्रारी होतात, आणि झोपायला मिळावं असं वाटणाऱ्याचंही काही चुकत नाही. पण वडिलांसाठी त्या टाळांच्या तासाभरातच काय तो दिवस होता. काकूंनी टाळ माझ्या हातात दिले. कड झिजून पातळ झालेली, आणि दोरीच्या जागी एकात चक्क बुटाची नाडी. वाजवून बघा म्हणाल्या. मी वाजवले. नाद बराच वेळ राहिला. काका तिकडून ओरडले, “कुठल्या गाडीचा हॉर्न गं?” त्यांना शिवी पडली.

विरारकरांना जुन्या गाडीचं कौतुक असावं यात नवल नाही तसं. १२ एप्रिल १८६७ला पहिली लोकल सुटली ती आपल्याच विरारहून, बॅकबेपर्यंत. दिवसाला एक. एक! आता तुमचे हे आठ त्रेपन्नला लटकतात त्यांना सांगा.

डबीत डबी म्हटलं म्हणून आठवलं. इथे नालासोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी, तो खरं तर बौद्ध स्तूप. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती, आणि तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा. आणि सोन्याच्या आत काय? मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. ते सगळं मुंबईला एशियाटिकमध्ये गेलं. मी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फडकं पुन्हा नीट बांधलं आणि म्हणाल्या, “बघा. बुटाची नाडी बदलायची नाही, असंच मी पोरांना सांगून ठेवलंय.”

आता खरी गंमत, काकांच्या घंटेची. काका वाईकडचे. मेणवली माहीत आहे ना, नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, शाहरुखचा ‘स्वदेस’ जिथे झाला ते? तिथे घाटावर एक भली मोठी घंटा आहे. काकांचं लहानपण त्या घंटेखाली गेलं. पोरं दगड मारून वाजवायची आणि पुजारी पोरांना मारायचा. तिच्यावर बाळाला घेतलेली बाई आहे, तिला ते सगळे देवीच समजायचे. ती मेरी. कडेवर येशू. घंटेवर १७०७ साल आहे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून गावोगाव गेल्या. एक मेणवलीला, एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर, एक भीमाशंकरला. काका विरारला राहायला आले तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. किल्ला बघायला गेलो आम्ही सगळे, तिथे कुणीतरी हे सांगितलं. तर काका तिथल्याच एका पडक्या चर्चच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, “म्हणजे ती इकडून तिकडे गेली नि मी तिकडून इकडे आलो.” घरी येईपर्यंत गप्प. त्यांच्यासाठी हे फारच झालं.

नंतर भिंतीवर यावरून वाद रंगला. काकांचं म्हणणं, वस्तू ज्याच्याकडे वाजते त्याची. डॉक्टरांच्या मुलांकडे गाडी गप्प होती, माझ्याकडे बोलते, तर माझी. मी विचारलं, मग आमच्या त्या आतेभावाचं काय? काकूंनी विचारलं, मग चोराचं काय? आणि सांडोरहून माझी एक मैत्रीण आली होती, वसईची ख्रिस्ती, शाळेत माझ्याबरोबर शिकवायची. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “तुमच्याकडे ती आठवण म्हणून आहे. आमच्याकडे ती नाही, याची आठवण आहे.” यावर काका काय बोलणार? त्यांनी तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. सलग बाक आहे पुढे, तिघं आरामात बसतात. आणि जीवदानीच्या रस्त्याने एक फेरी मारून आणलं. घंटेचा हिशोब त्याने काही फिटत नाही, पण ती खूश होती. येताना म्हणाली, पुढच्या वेळी मेणवलीला नेणार असाल तर येते.

नेणार कसे, तेच तर अडलंय सध्या. गाडीला ५० वर्षं पूर्ण झाली. २०२१पासून नियम आहे, पन्नाशी उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदवली तर नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं, आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर राहतो. काकांचा एमएच येण्याआधीचा जुना नंबर आहे, तो त्यांना प्राणाहून प्यारा. नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांची सोय, पुढच्या खेपेला ५,०००. काकांच्या छातीवर बिल्ला लागल्यासारखं झालंय. दर ५ वर्षांनी पासिंगला जायची कटकट नको, वर रॅलीत मिरवायचं. मुंबईला हॉर्निमन सर्कलहून निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो त्यांनी कपाटाच्या आत चिकटवलेत, तिथे राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस असतात. त्यांच्यामागे आपली प्रेसिडेंट, मीटर लावून, अशी त्यांची कल्पना. मीटर लावू नका म्हणून मी जीव तोडून सांगतेय, मूळ रूपात हवी म्हणतात ना.

पण मेख आहे. व्हिंटेज झालेली गाडी रोज वापरता येत नाही. रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. बस्स. परवा काका चष्मा लावून हे मोठ्यानं वाचत होते, इथेच, भिंतीला टेकून. काकू पापड उलटत होत्या.

“म्हणजे वज्रेश्वरीला नाही जायचं?” काकू.

“यात देवदर्शन नाही लिहिलेलं.”

“चिमाजी अप्पांनी नवस केला, वसई घेतली नि देऊळ बांधलं. ते घोड्यावरून जाऊन आले. आणि आपण घरची मोटार असून रिक्षा?”

“नियम आहे गं.”

काकूंनी एक पापड उलटला, दुसरा उलटला.

“काय काय लिहिलंय म्हणालात? परत वाचा.”

“प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती.”

“ताई,” मला म्हणाल्या, “तुमच्या मोबाइलात बघा बरं, शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीपर्यंत पेट्रोल पंप किती आहेत? आणि हे बघा, टाकी अर्धीच भरायची. येतानाही लागेल.”

काकांनी कागदाची घडी घातली. दोन गॅरेजंही शोधून ठेवा म्हणाले, एक वर्षानुवर्षं ओळखीचं आहे तिकडे, पण मालक दुपारी झोपतो. तुम्ही येणार का वहिनी? मागे तिघांची जागा आहे. फिएस्टा मी मांडीवर घेते, सेलवर चालतो तो.